पाठमोरे मल्हारीआप्पा

वरवंडात कुणालाही मल्हारीआप्पांचं घर विचारा, समोरचा माणूस आधी हसतो. ‘ते फुटबॉलवाले व्हय?’ म्हणतो आणि मग हात करून दाखवतो. हसण्यासारखं आहेच ते. हायवेच्या कडेचं गाव, उसाचं आणि कांद्याचं, पोरगं चालायला लागलं की हातात बॅट घेणारं. तिथल्या एका धनगराच्या पोरानं उभा जन्म फुटबॉलपायी घालवला, आणि तोही खेळून नाही, शिट्टी वाजवून. गोल मारले असते तर निदान कुणी हार तरी घातला असता. रेफरीला कोण हार घालतंय? जिंकणारे त्याला विसरतात आणि हरणारे त्याच्या आईची आठवण काढतात.

हे वेड आलं दौंडातून. आप्पांचा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा आणि दौंडच्या रेल्वे मैदानावर गवत बरं असायचं. सामना चालू असताना मेंढरं आत घुसायची. एक म्हातारा इंजिन ड्रायव्हर तिथं रेफरी असायचा. त्यानं एकदा वैतागून आपली जुनी शिट्टी मल्हारीच्या हातात कोंबली आणि मेंढरं आत आली की वाजव म्हणाला. मल्हारीनं ती इतकी जीव तोडून वाजवली की मेंढरं राहिली बाजूला, खेळणारेच जागच्या जागी थांबले. त्या दिवसापासून स्वारी बिघडली ती बिघडलीच. पुढं रेल्वेत खलाशाची नोकरी लागली, ड्यूटी सुटली की मैदान, रजा पडली की मैदान. रेफरी झाले, मोठमोठे सामने काढले, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर रेफरींची परीक्षा घेणारे झाले. रिटायर होऊन वरवंडला परत आले तेव्हा जवळ होती दोन एकर जमीन, सखूबाई आणि ती शिट्टी.

परीक्षा घेण्याची त्यांची रीत जगावेगळी होती. पोरांचे दोन संघ मैदानात सोडायचे आणि परीक्षेला आलेल्याच्या हातात सामना द्यायचा. पहिला अर्धा भाग आप्पा डोळ्यांनी बघणार. माणूस उभा कुठं राहतो, धावतो कसा, चेंडूच्या मागं फरफटत जातो की चेंडू येण्याआधी तिथं पोचतो. दुसरा अर्धा भाग सुरू झाला की हे कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाणार आणि मैदानाकडं पाठ करून उभे राहणार. हात मागं बांधलेले, नजर समोरच्या बाभळीवर. आणि नुसतं ऐकणार. बूट नडगीवर बसल्याचा आवाज आणि शिट्टीचा आवाज, या दोहोंत किती जागा राहते ते. घाबरट माणूस उशिरा फुंकतो. मिरवणारा माणूस घाईनं फुंकतो. ज्याच्या मनात शंका आहे त्याची शिट्टी शेवटाला खाली पडते. डोळ्यांचं काही खरं नाही, असं त्यांचं म्हणणं. माणूस उंच असला, कपडे कडक असले की डोळे भुलतात. त्यांचा बाप म्हणे वाटेनं पुढं चालताना, मागं वळून न बघता, कुठलं मेंढरू लंगडतंय ते सांगायचा. हा कान तिथून आला होता.

आणि निकाल? निकाल म्हणजे आप्पांचं वळणं. माणूस पसंत पडला की ते झेंड्यापाशी उभ्या उभ्या वळायचे आणि त्याच्याकडं तोंड करायचे. बोलायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. वळले की पास. न वळता सामना संपला तर बूट पिशवीत भरायचे आणि दौंड स्टेशनची वाट धरायची. पुष्कळांनी धरली. कुणी आमदाराची चिठ्ठी आणली, कुणी तुपाचा डबा आणला, पण आप्पांचा खांदा हलला नाही. त्यामुळं मल्हारीआप्पा वळले म्हणजे तो रेफरी बावनकशी, असं सगळ्या जिल्ह्यात बोललं जायचं, आणि आप्पांना ते ऐकायला फार आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, त्यावरच जगत होते म्हणा ना.

त्यांच्या पाठीनं ज्यांना ज्यांना पास केलं त्यात सगळ्यात लाडका गोकुळ. तळेगाव ढमढेऱ्याचा. आई रंगुबाई आठवडे बाजारात भाजी विकायची, बाप लहानपणीच गेलेला. हा परीक्षेला आला तेव्हा अंगावर दुसऱ्याचा शर्ट होता. दुसरा भाग सुरू झाला, आणि पहिल्याच शिट्टीला आप्पा वळले. पहिल्या शिट्टीला ते आधी कधी वळले नव्हते, नंतरही नाहीत. सामना संपल्यावर गोकुळ वाकून पाया पडला, आणि पुढं प्रत्येक मोठ्या सामन्याआधी वरवंडला येऊन पाया पडायचा, सखूबाईच्या हातची भाकरी खायचा आणि मग जायचा. आप्पांना मूलबाळ नव्हतं. एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं कळलंच असेल.

पुढं पैसेवाल्या मंडळींनी दख्खन लीग काढली. गावोगावचे संघ, परदेशी खेळाडू, टीव्हीवर सामने, सगळा थाट. त्यात गोकुळ पहिल्या नंबरचा रेफरी झाला. आणि मागच्या मोसमात एका सामन्यात दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले, हा सोडवायला मधे पडला आणि त्यातला एक धिप्पाड गडी याच्या गुडघ्यावर कोसळला. लिगामेंट तुटलं. खेळाडूला खरचटलं तर डॉक्टर धावत येतो, पण गोकुळला कडेला झेंडे घेऊन पळणाऱ्या लाइनमनांनी रिक्षात घालून नेलं. लीगचं म्हणणं असं, की रेफरीशी आमचा करार सामन्यापुरता, सामना संपला, संबंध संपला. काय बोलायचं सांगा! बैल जायबंदी झाला तर धनी निदान गोठ्यात तरी बांधून ठेवतो.

तेव्हा लीगच्या सगळ्या रेफरींनी संप केला. मागणी एकच. जो मैदानात पडेल त्याचा दवाखाना लीगनं बघायचा, आणि तो बरा होईपर्यंत त्याची जागा राखायची. पुढारी आपोआप गोकुळ झाला. नवा मोसम तोंडावर आलेला, शिट्टी वाजवायला माणूस नाही. लीगवाल्यांनी ठरवलं की बदली रेफरी उभे करायचे.

पण एक अडचण होती. वरच्या संघटनेचा नियम असा, की मुख्य रेफरी मान्यताप्राप्त परीक्षकानं पास केलेलाच पाहिजे. लाइनमन कुणीही चालेल, मधला माणूस नाही. बाकीच्या परीक्षकांनी संपाच्या भानगडीत पडायला नको म्हणून अंग काढून घेतलं. राहिले मल्हारीआप्पा.

एका सकाळी दारात पांढरी गाडी उभी राहिली. गाडीतून उतरला सत्यजीत, शिरूरकडच्या हौसरावआबांचा मुलगा. हौसरावआबा म्हणजे साखर कारखान्यापासून सोसायटीपर्यंत सगळीकडं खुर्ची असलेलं घराणं. मुलगा लीगचा मॅनेजर. बोलायला इतका गोड की चहात साखर घालावी लागू नये. आप्पा, तुमच्याशिवाय जिल्ह्यात दुसरा कान कुणाचा आहे, म्हणाला. आप्पांनी सरळ नाही सांगितलं. माझ्याच पोरांच्या पोटावर मी पाय देणार नाही, म्हणाले, आणि चहा पाजून वाटेला लावलं.

आणि दुसऱ्या दिवशी कोण आलं? गोकुळ. काठी टेकत, एक पाय ओढत. आप्पांना वाटलं, शाबासकी द्यायला आलाय. तर हा म्हणाला की आप्पा, हो म्हणा. त्याचा हिशेब सरळ होता. तुम्ही नाही म्हणालात तर ते कुठून तरी दुसरा परीक्षक पैदा करतील आणि तो येईल त्याला पास करील. तुम्ही बसलात तर चांगल्याशिवाय कुणी आत जाणार नाही, आणि चांगले सगळे आमच्यात आहेत. तुम्ही नुसतं पाठ करून उभे राहा, आप्पा. संप तुमच्या पाठीवर टिकेल.

आप्पांना ते पटलं. खोटं बोलायचं नाही, लबाडी करायची नाही, नेहमीसारखं ऐकायचं आणि वळायचं नाही. सखूबाई चुलीपाशी ऐकत बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, “आन् एखादा खरंच चांगला निघाला तर?”

“न्हाई निघत,” आप्पा म्हणाले. “असता तर माझ्या कानाला आदीच कळला असता.”

मोठा कानवाला. सखूबाईनं फुंकणी उचलली आणि चूल फुंकायला घेतली. तिला माहीत होतं, या विषयावर नवऱ्याशी बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

परीक्षा शिरूरजवळच्या कारखान्यांमागच्या मैदानावर होती. रोज सकाळी सत्यजीतची गाडी आप्पांना घेऊन चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायची, उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत शिरूरला पोचायची. आणि काय एकेक नग यायचे! शाळेतले पीटीचे मास्तर यायचे, ढेऱ्या पुढं आणि शिट्ट्या गळ्यात. कबड्डीचे पंच यायचे, ते पोरांना सारखे ‘दम धर’ म्हणायचे. कारखान्याच्या गेटवरचा एक बिहारी सिक्युरिटीवाला आला, त्यानं ऑफसाइड म्हणजे काय हेच आप्पांना विचारलं आणि आप्पांनी त्याला समजावूनही सांगितलं, कारण माणूस सरळ होता. गावच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये अंपायरिंग करणारा एक जण चुकून चेंडू बाहेर गेल्यावर दोन्ही हात वर करून सिक्स देऊन बसला. पोरं पोट धरून हसली. आप्पासुद्धा पाठमोरे हसले असावेत, कारण त्यांचे खांदे हलताना दिसले. सत्यजीत क्षणभर आशेनं पुढं आला, पण ते वळले नाहीत.

असेच दिवस गेले. पाठ काही वळेना. मोसमाची तारीख एकदा पुढं गेली, पुन्हा गेली. टीव्हीवाले ओरडायला लागले, जाहिरातवाले ओरडायला लागले. संपावरचे रेफरी रोज संध्याकाळी एकमेकांना फोन करून एवढंच विचारायचे, आज आप्पा वळले का? नाही वळले. मग झोप लागायची. शेवटी लीगच्या मालकांनी निरोप धाडला. दवाखान्याचं मान्य आहे, जागा राखण्याचंही बघू, सोमवारी पुण्यात बोलायला या. गोकुळनं लगेच आप्पांना फोन केला. ऑपरेशनची तारीख घेतो म्हणाला. रंगुबाईनं बाजारातनं पेढे आणलेत, तुम्हाला घेऊन येतो म्हणाला. आप्पांनी आनंदानं सखूबाईची पाठ थोपटली, ती लाजून आत गेली.

सोमवारच्या आधी एकच परीक्षा उरली होती. तीही नावापुरती.

त्या दिवशी एक मुलगी आली. नीलम नाव, वडगाव रासाईची. भीमेकाठी बापाची थोडी शेती, ही एका शाळेत तासावर खेळ शिकवणारी. लग्न ठरत नव्हतं, नोकरी पक्की होत नव्हती, घरात सगळ्यांना नकोशी झालेली. संप कशाचा, कुणाचा, तिला काही माहीत नव्हतं. रेफरी पाहिजेत एवढं मोबाइलवर वाचून ती दोन जीपा बदलून आली होती. पहिल्या भागात आप्पांनी नेहमीसारखं बघितलं, पण खरं सांगायचं तर नीट बघितलं नाही. मन सोमवारात होतं. शिवाय मुलगी, बारकी, बूटही जुनाट. दुसरा भाग सुरू झाला, आप्पा झेंड्यापाशी गेले आणि पाठ केली. समोर बाभळीवर सुगरणीचं घरटं वाऱ्यानं हलत होतं, त्याच्याकडं बघत उभे राहिले.

मागं पोरं जोरात खेळत होती, चेंडू बाहेर गेल्याच्या एकदोन साध्या शिट्ट्या होऊन गेल्या. एका ठिकाणी चेंडूला धक्का बसला, मग दोन पायांचा गुंता झाल्याचा आवाज आला, कुणी तरी पडलं, सगळी पोरं फाउल, फाउल म्हणून ओरडली. शिट्टी वाजली नाही. आप्पांच्या मनात आलं, बरोबर, चेंडूच खेळला होता, पाय नंतर लागला. खेळ चालू राहिला. मग थोड्या वेळानं, गलक्यात, नडगीवर बूट बसल्याचा बारीक आवाज आला. इतका बारीक की पडलेल्यालासुद्धा ओरडायला उशीर झाला. आणि शिट्टी वाजली. लवकर नाही, उशिरा नाही. सरळ, एका उंचीची, शेवटाला न पडणारी.

आप्पा वळले.

त्यांनी ठरवून केलं नाही हो. इतकी वर्षं जे शरीर चांगली शिट्टी ऐकली की वळत आलं, ते वळलं. पाय वळले, खांदे वळले, आणि तोंड मैदानाकडं झाल्यावर मग डोक्यात उजेड पडला. पोरं खेळायची थांबली. सत्यजीतच्या माणसानं फोटो काढला. ती मुलगी मैदानाच्या मधोमध उभी होती. तिला आप्पांची रीत कुणी तरी सकाळीच सांगितली असणार, कारण तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली.

आप्पा धावत सत्यजीतकडं गेले. म्हणाले, हे धरू नका, मी नुसता वळलो, पाय अवघडला होता. सत्यजीत हसला नाही, रागावलाही नाही. मोठ्या अदबीनं म्हणाला, “ठीक आहे आप्पा. तुम्ही म्हणाल ते. फक्त तिला नापास केलंय, हे तेवढं तुम्हीच जाऊन सांगा.”

आप्पा मैदानात गेले. ती उठून उभी राहिली, डोळे पुसले. तिच्या तोंडावर जे होतं ते आप्पांनी आधी एकदाच बघितलं होतं, दुसऱ्याचा शर्ट घातलेल्या पोराच्या तोंडावर. त्यांना सांगायचं होतं की बाई, तू घरी जा, तुझी काही चूक नाही, पण तू आलीस म्हणून माझं पोरगं बुडतंय. ते जिभेवर आलं होतं. त्याऐवजी त्यांनी विचारलं, शिट्टी कुणी शिकवली? कुणीच नाही, ती म्हणाली. टीव्हीवर एक रेफरी होते, त्यांचे सामने बघून शिकले. गोकुळसर.

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसले.

एक माणूस मिळाला की लीगला पुरे होता. उद्घाटनाचा सामना टीव्हीवर दाखवायला मधे एकच रेफरी लागतो. रविवारच्या पेपरात फोटो आला, आप्पांचा चेहरा आणि पुढं रडणारी नीलम, खाली ‘मल्हारीआप्पा वळले’. सोमवारची बैठक रद्द झाली. त्यानंतर संप फुटायला वेळ लागला नाही. एवढे दिवस सगळे त्या एका पाठीला टेकून बसले होते, आणि पाठच फिरली म्हटल्यावर जो तो आपापला विचार करायला लागला. एकानं मुलीच्या कॉलेजचं कारण सांगितलं, एकानं घराच्या हप्त्याचं. कुणाला दोष द्यायचा? गोकुळनं दिला नाही. आप्पांनी भीत भीत फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आप्पा, शिट्टी चांगली व्हती का?”

“व्हती,” आप्पा म्हणाले.

“मंग तुमचं काय चुकलं न्हाई.”

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आप्पांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. सखूबाईनं ताट झाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते शेळीला घातलं.

लीगवाल्यांनी मग आणखी एक पाचर मारली. संपावरच्यांना परत घेऊ, पण नवे म्हणून. पुन्हा परीक्षा द्या, पास झालात तर या. परीक्षा दौंडला, त्याच रेल्वे मैदानावर, आणि परीक्षक म्हणून पुन्हा मल्हारीआप्पाच. सत्यजीतचा फोन आला तेव्हा सखूबाईला वाटलं, हे आता मोबाइल फेकून देतील. पण आप्पा लगेच हो म्हणाले. गोकुळ यादीत आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हणाला.

“म्या चुकून एकदा वळलो,” आप्पा सखूबाईला म्हणाले. “आता मुद्दाम वळीन. गोकुळसाठी वळीन. लंगडू दे न्हाईतर सरपटू दे. पास झाला की परत लीगचा माणूस व्हईल, मग दवाखान्याचं बघायला काय तरी तोंड ऱ्हाईल.”

उभ्या जन्मात न केलेली लबाडी करायला तो माणूस निघाला होता, आणि त्यासाठी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, इस्त्रीचा सदरा घातला. सखूबाईनं न विचारता कपाळाला भंडारा लावला.

दौंडच्या मैदानावर सगळे जुने चेहरे होते. आप्पांनीच पास केलेले, आता छातीवर नंबर लावून रांगेत उभे. कुणी आप्पांच्या नजरेला नजर देईना. नीलम दिसली नाही. आप्पांनी विचारलं तर कळलं, उद्घाटनाचा सामना तिनं चांगला काढला, टाळ्या घेतल्या, आणि जुने परत येणार म्हटल्यावर गरज पडली तर कळवू म्हणून तिला वडगावला धाडून दिलं. तिचंही तेच झालं.

मैदानात एक नवी वस्तू होती. तिपाईवर ठेवलेलं मशीन. ते ठरावीक वेळानं टूं करायचं, आणि टूं व्हायच्या आत पळणाऱ्यानं पलीकडची खूण गाठायची. दर फेरीला टूं लवकर यायचा. दोनदा चुकला की बाद. ते काय आहे, आप्पांनी विचारलं. सत्यजीत म्हणाला, काही नाही आप्पा, फिटनेसचं, तुम्ही तुमचं चालू द्या.

गोकुळचा नंबर आला. गुडघ्याला जाड पट्टा बांधलेला होता, काठी त्यानं कुंपणाशी उभी करून ठेवली होती. त्याला पळताना आप्पांना बघायचं नव्हतं. ते झेंड्यापाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मागं पावलं सुरू झाली. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. बापासारखंच त्यांना न बघता सगळं कळत होतं. किती दुखतंय, कुठं दुखतंय, दात किती दाबून धरलेत. टूं वाजला, पावलं पोचली. पुन्हा टूं, पावलं कशीबशी पोचली. मग टूं वाजला आणि पावलं त्याच्यानंतर आली.

आप्पा वळले. शिट्टी वाजली नव्हती, सामना सुरूही झाला नव्हता. सगळ्या मैदानाला दिसेल असे ते पुरते वळले, गोकुळकडं तोंड करून, छाती काढून उभे राहिले. रांगेतली माणसं बघतच राहिली. मशीननं आणखी एकदा टूं केलं. गोकुळ अर्ध्या वाटेत होता.

सत्यजीत चालत जवळ आला. आवाज तसाच मऊ.

“आप्पा, वळू नका. आता तुमच्या वळण्यावर काही नाही. वरच्या संघटनेनं नियम बदललाय, हे मशीनवर ठरतं.”

“मंग मला कशाला आनलं?”

“तुम्ही उभे असलात की बरं दिसतं,” सत्यजीत म्हणाला. त्याला यात काही लागण्यासारखं आहे असंही वाटलं नाही.

गोकुळनं छातीवरचा नंबर सोडला आणि मशीनपाशी बसलेल्या माणसाला दिला. मग तो आप्पांकडं आला. रीतीप्रमाणं पाया पडायला वाकला, पण गुडघा वाकेना. कसाबसा अर्ध्यावर आला आणि तोल जायला लागला, तसं आप्पांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उभा केला. गोकुळनं कुंपणाशी जाऊन काठी घेतली आणि तो गेटाकडं चालायला लागला. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. इतके दिवस त्यांनी हे लंगडणं फोनवर, दारात, बोलण्यात ऐकलं होतं. लांबवर चालत जाताना नीट बघितलं नव्हतं. बघितल्यावर कळलं की हा माणूस आता ऑपरेशन झालं तरी पळणार नाही.

पुढचा नंबर पुकारला गेला. तो मशीनवर पास झाला, मग सामना लागला, दुसरा भागही सुरू झाला. सगळे आप्पांच्या पाठ करण्याची वाट बघत होते, पण ते गेटाकडंच तोंड करून उभे होते. कुणी तरी खुर्ची आणून मागं ठेवली. मैदानात शिट्टी वाजली. ती लवकर होती की उशिरा, आप्पांना कळलं नाही.